भोंग्यासाठी एक बोर्ड

माझ्या सासूबाई कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून बघतात, आणि "उलटं करून बघितलंस का?" असं दुसऱ्यालाही विचारतात. शर्ट, पिशवी, उशीचा अभ्रा, खुर्चीवरची गादी, काहीही. दुकानदार कापडाची सुलट बाजू दाखवत असतो आणि या काठ दुमडून मागचे धागे तपासत असतात. सगळी नोकरी त्यांनी तयार कपड्यांच्या कारखान्यात पॅटर्न कापण्यात काढली. पॅटर्न म्हणजे कागदाचे साचे, ज्यांच्यावरून कापड बेतलं जातं. मी या घरात येणार असं ठरलं तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या जॅकेटची बाही उलटून आतली शिवण बघितली, मान हलवली आणि मग मला म्हणाल्या, "बस." या बाईशी आपलं एकतर फार जमेल नाहीतर अजिबात जमणार नाही, असं मला तेव्हाच वाटलं होतं. दोन्ही खरं ठरलं.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या विजेवर चालणाऱ्या शिलाई मशीनचं पायडल बिघडलं. दुरुस्तीवाला म्हणाला, अख्खं बदला. सासूबाईंना "अख्खं बदला" हे दोन शब्द सहन होत नाहीत. त्यांनी स्वतःच स्क्रू काढले, आतली हिरवी पाटी बाहेर काढली, अर्थातच उलटी केली, आणि चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत बसल्या. तांब्याच्या बारीक रेघा, एकमेकींना न शिवता वळणं घेत इकडून तिकडे गेलेल्या.

"अगं, हा तर पॅटर्न आहे," त्या म्हणाल्या.

झालं. त्या दिवसापासून घरात दोऱ्याच्या रिळांशेजारी सोल्डरची, म्हणजे वायरी डाग देऊन जोडायच्या तारेची, रिळं आली. सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी काही मंडळी जमतात, हौसेने इलेक्ट्रॉनिक्सच्या वस्तू बनवणारी. सासूबाई तिथे जायला लागल्या. हे खूळ लवकरच उतरेल, असं मी नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "तू आईला अजून ओळखत नाहीस." तो आईच्या बाजूने बोलला की माझं डोकं फिरतं, पण या बाबतीत त्याचंच बरोबर निघालं.

आता सासऱ्यांबद्दल. बाबा भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. बाजारात त्यांना सगळे भोंगा म्हणत आणि त्यांना त्याचा अभिमान होता. टोमॅटोचे क्रेट या टोकाला, गिऱ्हाईक त्या टोकाला, मध्ये हातगाड्या, हमाल, भांडणं, आणि या सगळ्याच्या वरून बाबांचा आवाज. घरीसुद्धा तसाच. नवरा-बायको एका खोलीत बसून बोलत आहेत, असं दृश्य मी या घरात कधी पाहिलंच नाही. त्या आतल्या खोलीत मशीनवर, हे बाहेर खुर्चीत, आणि संसाराचे सगळे निर्णय मधल्या भिंतीच्या आरपार. सुरुवातीला मला वाटायचं, यांचं रोज भांडण होतंय. नंतर कळलं, वांग्याची भाजी करायची की भोपळ्याची, एवढंच चाललेलं असतं.

मग बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. अगदी गेला असं नाही, कुजबुज उरली. समोर बसून, त्यांच्या ओठांकडे बघत ऐकलं तर कळायचं. पण मशीन चालू असताना आतल्या खोलीत काय ऐकू येणार? म्हणून बाबांनी स्टीलचा पेला जवळ ठेवला आणि त्यावर चमचा वाजवायला लागले. टिंग टिंग झालं की सासूबाई मशीन थांबवून, पाय सोडवून, उठून बाहेर यायच्या. "काय हवंय?" बाबा कुजबुजायचे. त्या परत आत जायच्या. त्या चमच्याचा त्यांना इतका राग होता की एकदा तो त्यांनी कचऱ्यात टाकला आणि मग स्वतःच काढून, धुऊन परत जागेवर ठेवला.

आवाज मोठा करणारं तयार यंत्र आम्ही आणलं होतं. कमरेला बांधायचा डबा, कानावरून ओठांपाशी येणारा माइक. बाबा बोलले की डबा आधी शिट्टी मारायचा आणि मग घुमत काहीतरी सांगायचा. शिट्टी झाली की शेजारचा कुत्रा भुंकायचा. बाबांनी दोन-चार दिवस सहन केलं, मग डबा कपाटावर ठेवून दिला. आणि हळूहळू, आमच्या लक्षातही न येता, चमचाही कमी वाजायला लागला. आधी चहासाठी वाजायचा, वर्तमानपत्रासाठी वाजायचा, एखाद्या बातमीवर शेरा मारायचा असला तरी वाजायचा. मग फक्त औषधासाठी. मग औषधही ते उठून स्वतः घ्यायला लागले.

मला वाटलं, चला, बाबा सावरले, स्वतःचं स्वतः करायला लागले. मी तसं बोलूनही दाखवलं. सासूबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली.

"सावरले नाहीत ते," त्या म्हणाल्या. "हा माणूस गप्प राहायला शिकतोय. आत्ता त्यांना बोलायचं आहे आणि आवाज नाही. थोड्या दिवसांनी त्यांना बोलायचंच नसेल. तसं झालं ना, की मग जगातलं कुठलंही यंत्र आणून बांधलंस तरी उपयोग नाही. मला त्याच्या आत यांच्या मापाचं यंत्र बनवायचं आहे."

त्यांनी काम सुरूसुद्धा केलं होतं. भोकांच्या पाटीवर वायरी जोडून त्यांनी आवाजाचं सर्किट बनवलं. शिट्टी मारत नव्हतं, पण सतत गुणगुणायचं, आणि आकार जेवणाच्या डब्याएवढा. रविवारच्या मंडळींमध्ये एक इंजिनिअर आहे, लिफ्टच्या कंपनीत काम करते, माझ्याच वयाची, सासूबाईंना काकू म्हणते. तिने ते कानाला लावून ऐकलं.

"काकू, सर्किट छान आहे. ही गुणगुण वायरींच्या गुंत्याची आहे. याचा नीट बोर्ड बनवून घ्या, गुणगुण जाईल आणि खिशात मावेल."

नीट बोर्ड, म्हणजे पायडलमधून निघाली तशी हिरवी पाटी, बनवून घ्यायचा तर आधी तो कॉम्प्युटरवर काढावा लागतो. कुठला भाग कुठे, कुठली रेघ कुठून, भोकं केवढी. ती चित्राची फाइल कारखान्याला पाठवली की बोर्ड तयार होऊन घरी येतो. आणि ते चित्र काढायचं कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये, इथे गाडी अडली.

कॉम्प्युटर घरात एकच, माझा. मी छपाईच्या दुकानात काम करते. तिथला जुना लॅपटॉप दुकानाने बदलला तेव्हा मी तो घरी आणला होता. तो घेऊन सासूबाईंबरोबर रविवारी त्या खोलीत गेले, तर तिथे सल्ल्यांचा नुसता पाऊस. दातांचे डॉक्टर म्हणाले, माझंच घ्या. हे डॉक्टर दिवसभर लोकांचे दात काढतात आणि उरलेल्या वेळात चित्रविचित्र आवाज काढणारी वाद्यं बनवतात. त्यांचं सॉफ्टवेअर खरंच देखणं होतं. रेघ ओढली की आपोआप वळायची, बोर्ड उभा-आडवा फिरवून बघता यायचा. दुसऱ्या कुणी ब्राउझरमध्ये चालणारं दाखवलं, एका बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याचंच. त्यात बाजारातला जवळजवळ प्रत्येक भाग तयार होता आणि शेवटी एक बटण दाबलं की ऑर्डरच जायची. तिसरं होतं हौशी लोकांनी मिळून बनवलेलं, पूर्ण फुकट. ते उघडल्यावर पडद्यावर इतकी बटणं आली की माझं डोकं भणभणलं.

"आणि या सगळ्यापेक्षा सोपं," इंजिनिअर म्हणाली, "मीच काढून देते ना काकू. मला रोजची सवय आहे. एका दुपारचं काम."

मी सुटकेचा श्वास टाकला. मिटलं एकदाचं. आपल्याला बोर्ड हवा आहे, पदवी नको. पण सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला.

"तू करशील गं, आणि माझ्यापेक्षा छानच करशील. पण हे एकदा करून संपणारं काम नाही. शिवलेला कपडा पहिल्या घालण्यात कधी बसतो का? आज यांना आवाज बारीक वाटेल, उद्या बटण डाव्या हाताला हवं असेल, परवा म्हणतील खिशाला टोचतंय. दर वेळी तुझी दुपार कुठून आणू? तू मला चुका दाखव. काढते मी."

घरी येताना मी जिन्यातच तोंड सोडलं. "आई, फुकट मिळणारी मदत नाकारायची आणि फुकटची डोकेदुखी घ्यायची, हा काय हिशोब?"

"अजून मी काही घेतलेलं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "आधी खिसा शिवून बघते."

कारखान्यात नवीन माणूस कामाला आला की त्याला सासूबाई काही विचारायच्या नाहीत. एक खिसा कापायला आणि शिवायला द्यायच्या. साधा खिसा. त्यात सरळ रेघ येते, कोपरा येतो, दुमड येते, दोन थर येतात. माणसाला काय येतं आणि काय येत नाही ते सगळं त्या वीतभर कापडात दिसतं. सॉफ्टवेअरची परीक्षा त्यांनी तशीच घ्यायची ठरवलं. एक बॅटरी, एक बटण, एक दिवा. एवढासा बोर्ड, तिन्ही ठिकाणी तोच. कुणी काय लिहिलंय, कुणी किती तारे दिलेत, यातलं काही वाचायचं नाही.

मी शेजारी बसून माउस कसा धरायचा इथपासून सांगत होते. त्यांची बोटं कात्रीला सरावलेली, माउस घट्ट आवळायच्या. पहिला खिसा काढताना आमचं भांडण झालं, दुसऱ्याला थोडं कमी, आणि तिसऱ्याला त्यांनी मला सांगितलं की तू जरा चहा टाक, मला एकटीला बघू दे. बाबा खुर्चीतून आमच्याकडे बघत होते. मध्येच हसल्यासारखे वाटले, पण विचारलं तर मान वळवली.

तिन्ही खिसे झाले. मला वाटलं, आता कुठला सोपा गेला ते ठरवायचं. पण खरी परीक्षा पुढेच होती. सासूबाईंनी प्रत्येक सॉफ्टवेअरला जणू एकच गोष्ट विचारली: मी आता निघाले, माझं सामान द्या.

डॉक्टरांच्या देखण्या सॉफ्टवेअरचं दर वर्षी भाडं होतं. फुकटचा नमुना होता, पण त्यात काडेपेटीपेक्षा मोठा बोर्ड काढता येत नव्हता. भाडं भरायचं थांबवलं की आपण काढलेलं चित्र आपल्याला दिसणार, पण हात लावता येणार नाही. "म्हणजे माझाच पॅटर्न, काचेच्या कपाटात," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्याला भाडं नव्हतं. पण चित्र राहणार त्यांच्याकडे, आणि आपण ते बाहेर काढून दुसरीकडे उघडलं तर भागांची नावं गळालेली, अक्षरं एकमेकांवर चढलेली. आमच्या त्या इवल्याशा दिव्याच्या बोर्डाची ही गत, तर मोठ्याचं काय झालं असतं! शिवाय इंटरनेट गेलं की काम बंद. तिसऱ्या, बटणांच्या जंगलातल्या सॉफ्टवेअरने मात्र सगळं सामान आमच्या हातात दिलं. फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर, कुठल्याही कारखान्याला पाठवा, कितीही मोठा बोर्ड काढा, पुढच्या वर्षी उघडा, दहा वर्षांनी उघडा.

"हे," सासूबाई म्हणाल्या.

"पण हे सगळ्यात किचकट आहे!"

"किचकट आहे, शिकता येईल. दार बंद असतं तर काय शिकले असते? कुठलंही नवीन घर बघायला गेलं की मी आधी मागचं दार बघते. पुढचं सगळेच सजवतात."

मला काही ते पूर्ण पटलं नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता, आणि अशा वेळी त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे मला इतक्या वर्षांत कळलेलं आहे.

शिकल्या. खरोखर शिकल्या. मी दुकानातून आले की लॅपटॉप त्यांच्या मांडीवर, आणि मला काही विचारण्याऐवजी त्या मलाच दाखवायच्या, हे बघ, रेघ अशी खालच्या थरात उतरवायची. खालचा थर आणि वरचा थर म्हणजे त्यांच्या भाषेत अस्तर आणि कापड. दर रविवारी इंजिनिअर चित्र तपासायची. एकदा तिने वीस चुका दाखवल्या, पुढच्या वेळी सात, मग तिने सगळ्या जोडण्या बोटाने मोजल्यासारख्या पाहिल्या आणि म्हणाली, "काकू, पाठवा."

एकच अडचण राहिली होती. माइकची वायर ज्यात खुपसायची तो सॉकेट सासूबाईंनी बाजारातून निवडून आणला होता, चांगला घट्ट बसणारा. पण त्याचा तयार आकार या सॉफ्टवेअरमध्ये नव्हता. कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होता, म्हणून मी लगेच भुवया उंचावल्या. सासूबाईंनी माझ्या भुवयांकडे दुर्लक्ष केलं. सॉकेट तळहातावर घेतला, पाय वर करून, मोजपट्टी लावली, आणि त्या पायांची भोकं स्वतः काढली. मग मी दुकानात त्या चित्राची अगदी मापात प्रिंट काढून आणली, एक केससुद्धा कमी-जास्त नाही. सासूबाईंनी सॉकेट टेबलावर ठेवला, त्यावर कागद अंथरला आणि बोटाने दाबला. सगळे पाय कागदावरच्या सगळ्या भोकांतून नीट वर आले.

"बसला," त्या म्हणाल्या, आणि बोर्डाची ऑर्डर गेली.

कारखाना पाचापेक्षा कमी बोर्ड करत नव्हता, म्हणून पाच आले. हिरवेगार, गुळगुळीत, कोपऱ्यात सासूबाईंनी हौसेने काढलेली छोटी कात्री. त्या दिवशी माझा नवराही घरी होता. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, सोल्डरची कांडी तापली, एकेक भाग बसत गेला. आणि शेवटी सॉकेट.

सॉकेट बसेना. पाय एका बाजूला, भोकं दुसऱ्या बाजूला. फिरवून बघितला, तिरका करून बघितला. आरशात बघितल्यासारखी भोकं अगदी उलटी होती.

काय झालं ते आधी सासूबाईंनाच कळलं. आयुष्यभर कापड खाली आणि कागद वर. सॉकेटसुद्धा त्यांनी पाय वर करून हातात धरला, जसा दिसला तसा काढला, आणि तपासतानाही तो खाली ठेवून कागद वरून अंथरला. शिवणकाम करणाऱ्या हाताला दुसरं सुचणारच नाही. बोर्डावर मात्र भाग वरून बसतो. इंजिनिअरने जोडण्या तपासल्या होत्या, त्या बरोबरच होत्या. सॉकेट काही तिच्या हातात नव्हता. पाचही बोर्डांवर तीच चूक.

सासूबाईंनी बोर्ड खाली ठेवला. हात मांडीवर ठेवून बसल्या. त्यांना असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं की त्या दुसऱ्यात हा सॉकेट तयार होता. गिळलं ते. नवरा म्हणाला, "आई, पुन्हा मागवू," आणि त्या म्हणाल्या, "मागवू रे. पण ह्यांचं काय?" त्यांनी "ह्यांचं" म्हटलं आणि खुर्चीकडे बघितलं नाही. मला कळलं की त्या दिवस मोजताहेत; बोर्ड पुन्हा बनून यायचे दिवस आणि बाबांचे गप्प राहण्याचे दिवस.

तेवढ्यात माझ्या बाजूने काहीतरी आवाज आला. बाबा खुर्ची सरकवून टेबलापाशी आले होते. त्यांचे ओठ हलत होते. कितीतरी दिवसांत त्यांनी आपणहून काही सांगितलं नव्हतं, म्हणून मला क्षणभर उमगलंच नाही की ते बोलतायत. सासूबाईंची त्यांच्याकडे पाठ होती, त्यांना काही ऐकू गेलं नाही.

"आई, बाबा काहीतरी म्हणतायत."

"काय म्हणतायत?"

मी बाबांच्या तोंडाजवळ कान नेला आणि मला हसू आलं.

"उलटं करून बघितलंस का, म्हणतायत."

सासूबाईंनी बोर्ड उचलला. उलटा केला. सॉकेट घेतला आणि खालच्या बाजूने लावला. सगळे पाय सगळ्या भोकांत, एकदम.

त्यांनी वळून बाबांकडे पाहिलं. "इतकी वर्षं ऐकत होता म्हणजे," त्या म्हणाल्या. बाबांनी खांदे उडवले.

सॉकेट उलट्या बाजूने सोल्डर झाला. काम करत होता, पण खालून कुबडासारखा बाहेर आलेला, त्यामुळे ठरवलेल्या प्लास्टिकच्या डबीचं झाकण लागेना. सासूबाईंनी डबी बाजूला सारली. त्याआधी मात्र लॅपटॉप मागितला. चित्र उघडलं, सॉकेट निवडला, आरशाचं बटण दाबलं, रेघा सरळ केल्या, जतन केलं, आणि या वेळी दुसऱ्याच, जवळच्या कारखान्याला पाठवलं. कांडी गार व्हायच्या आत सगळं झालं, कुणालाही न विचारता. मला एक गोष्ट मान्य करावी लागली, आणि मी ती त्यांच्या तोंडावर मान्य केली: मागचं दार कामाला आलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं." त्यांचं हे असं असतं. जरा कौतुक केलं की लगेच खिशात घालतात, सोडत नाहीत.

कुबड असलेल्या बोर्डासाठी त्यांनी कापडाची पिशवी शिवली. आतून मऊ अस्तर, सॉकेटच्या जागी काज, छोट्या स्पीकरसाठी जाळीचं कापड, आणि शर्टाच्या आतून अडकवायला दोन बटणं. बाबांच्या जुन्या शर्टाच्या कापडातून कापली, म्हणजे वर दिसलीच तर वेगळी दिसायला नको. ती मी हातात घेतली आणि उलटी करून बघितली. शिवण एकसारखी होती.

रविवारी मंडळी वरच्या खोलीऐवजी आमच्याकडे जमली. इंजिनिअर आली, डॉक्टर आले. डॉक्टर अजून भाड्याचंच सॉफ्टवेअर वापरतात. त्यांना परवडतं आणि त्यांची त्याच्यावर माया आहे, त्यावरून सासूबाई त्यांना काही म्हणत नाहीत. सगळे बाबांभोवती बसले. माइक ओठांपाशी आला, पिशवी शर्टाच्या आत गेली, बारीक हिरवा दिवा लागला. शिट्टी नाही, गुणगुण नाही. बाबांनी माइक बोटाने चाचपला.

"बोला ना काका," इंजिनिअर म्हणाली.

"काय बोलू?"

ते दोन शब्द खोलीभर ऐकू आले. आवाज जुन्या भोंग्याचा नव्हता. खरखरीत होता, कुजबुजच, पण मोठी. बाबा स्वतःच दचकले. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो, फक्त सासूबाई उठल्या.

"इथे समोर बसून तर मला कुजबुजसुद्धा ऐकू येते," त्या म्हणाल्या. "मी आत जाते. मशीन चालू करते. तिथे ऐकू आलं तर खरं."

त्या आत गेल्या. दार अर्धवट लोटलं. मशीनची घरघर सुरू झाली. बाबा इकडेतिकडे बघायला लागले. तपासणी म्हटलं की माणसाला बोलायला काही सुचत नाही. दोन-चार मिनिटं असेच बसले असते तर त्यांनी माइक काढून टेबलावर ठेवला असता आणि पुन्हा कधी लावला नसता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

टेबलावर उरलेले चार चुकीचे बोर्ड पडले होते. बाबांची नजर त्यांच्यावर गेली. त्यांनी एक उचलला, उजेडात धरला, मागून-पुढून बघितला. मग डाव्या हाताने पेला पुढे ओढला आणि उजव्या हातात चमचा घेतला.

"हा बघा माल," बाबा म्हणाले. "ताजा. आजच उतरलेला. भोकं उलटी, बाकी सगळं सुलटं. कोपऱ्यात कात्री आहे, कात्रीचे वेगळे पैसे नाहीत. बोली चहाची. बोला!"

मग डॉक्टरांनी हात वर केला. "एक चहा."

"एक चहा दातवाल्यांचा. एवढ्या मोठ्या मालाला एक चहा? दात दुखले तेव्हा आम्ही असा भाव केला होता का तुमच्याशी?"

"दोन चहा," इंजिनिअर म्हणाली.

"दोन चहा, लिफ्टवाल्या बाई. दोन चहा एकवार. अहो, या बोर्डाला मागचं दार आहे. दोन चहा दोनवार..."

बाबा थांबले. चमचा पेल्यावर धरलेला, आणि मान किंचित आतल्या खोलीकडे वळलेली. तसे ते बाजारातही थांबत असतील, शेवटच्या टोकाच्या गिऱ्हाइकासाठी. मशीन चालूच होतं. मीही ऐकत होते. मशीन थांबलं नाही, खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही, आणि त्या घरघरीच्या वरून, भिंतीच्या आरपार, सासूबाईंचा आवाज आला.

"तीन चहा! आणि त्यातला एक आत्ता, इथे आणून द्या!"

"तीन चहा, घरची पार्टी," बाबा म्हणाले, आणि चमचा पेल्यावर आपटला. "तीनवार."